आत्याच्या पोथीची पानं

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आत्याची वाडी आहे. तिथल्या सप्ताहात पोथी वाचायला माणसं ओळीने बसतात, आणि बायकांच्या ओळीतली तिसरी जागा गेली चाळीस वर्षं आत्याची. मोतीबिंदू काढून झाला, चष्मा बदलून झाला, तरी गेल्या वर्षी ती मध्येच अडखळली आणि तिच्यामागे सगळी ओळ घसरली. वाचन चालवणारे बुवा नंतर गोडीनेच म्हणाले, "काकी, पुढच्या वर्षी ऐकायला बसा." हे मला आत्यानेच सांगितलं. तिचे यजमान, आमचे मामा, गेले तेव्हाही मी तिला इतकं खचलेलं पाहिलं नव्हतं.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना समोर आला की तपासायचा, हा माझा धंदा आणि स्वभावही. घरचे म्हणतात, हिला नसत्या चौकशा फार. मला वाटलं, त्यात काय, मोबाइलवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं!

वाचनाच्या एका अ‍ॅपमध्ये ती पोथी आयतीच होती, पण प्रत्येक ओवीखाली अर्थ, आणि उघडायला नेट लागणार. वाडीत रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीवर चढलं तर. तेव्हा मजकूर आपणच घालायचा ठरवला. निव्वळ ओव्यांची फाइल मिळवली, केबल लावून माझ्या जुन्या फोनमध्ये टाकली. अ‍ॅपला ती दिसेचना. मी भलत्याच फोल्डरमध्ये ठेवली होती. जागा बदलली तर पोथी उघडली, पण अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फाइल जतन करताना एक पर्याय चुकला होता. तिसऱ्या खेपेला अक्षरं आली, हरभऱ्याएवढी, काळीकुळकुळीत. मी स्वतःवर इतकी खूश झाले की शेजारणीलाही दाखवून आले.

रविवारी एस्टीने पोलादपूर, पुढे रिक्षा. आत्याने हातपाय धुतले आणि फोनला हळदकुंकू लावायला निघाली, ते मी कसंबसं थांबवलं. तिने वाचायला घेतलं आणि फोनच्या प्रत्येक नव्या पडद्याला अडकली. छापील पोथीत अडकायची त्याहून जास्त.

"दिसत नाही का गं?"

"दिसतंय गो. चांगलं दिसतंय."

"मग?"

"ही पोथी माझी नाय."

ओव्या त्याच होत्या, मी ताडून पाहिल्या होत्या. मग हिला नडतंय काय? मला चैन पडेना. तिची जुनी पोथी मांडीवर घेतली, मधलंच एक पान उघडलं आणि पहिला शब्द मोठ्याने वाचला. आत्या सुरू झाली. मी पानावर हात ठेवला, तरी ती थांबली नाही. घडाघडा म्हणत गेली आणि पान संपलं तिथेच थांबली, अर्ध्या ओवीत. पुढच्या पानाचा पहिला शब्द सांगितला, गाडी पुन्हा सुरू.

मी पोथी मिटली. तिने पदर तोंडाला लावला.

"दुसरीपातूर शाळेत गेले गो. सासू वाचायची, मी बाजूला बसून ऐकायचे. पानाचं पयलं अक्षर बघितलं की पुढचं तोंडात येतं. मनात ठेव हां."

आणि मी अक्षर मोठं करून तिची सगळी पानंच मोडून टाकली होती. एका पानाचे पाच पडदे झाले होते आणि प्रत्येकाच्या माथ्यावर अनोळखी शब्द. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

पोथी घेऊन मी महाडला आले आणि तिच्या छापील पानांबरहुकूम फाइल कापायला बसले. पान संपलं की भाग संपला. नव्या भागाच्या माथ्यावर त्या पानाचा पहिला शब्द आणखी मोठा. पाचशेच्या वर पानं. कामावरून आलं की तेच. तेव्हा लक्षात आलं, प्रत्येक पानाचा वरचा डावा कोपरा तेवढा बोटाने काळा पडलेला होता. खालच्या ओळी नव्यासारख्या. हे मला आधी कसं दिसलं नाही, याचा फार राग आला.

सप्ताहाला आत्या आपल्या जागी बसली. बुवा फोनकडे बघून म्हणाले, "काकी, हे काय?"

"पोथी," आत्या म्हणाली आणि वर बघितलंही नाही.

पान संपलं की ती बोट लावायची, पुढचा शब्द यायचा. खांबाआड उभी राहून मीच जास्त घाबरले होते. सात दिवस ती एकदाही अडली नाही.

शेवटच्या दिवशी प्रसाद झाल्यावर तिने मला बाजूला नेलं. आता शाबासकी मिळणार, म्हणून मी वाटच बघत होते.

"ह्यात आणखी घालता येतं का गो?"

"कितीही."

"मग मला येत नाय असं कायतरी घाल."

माझ्या फोनमध्ये आधीच असलेली एक छोटी कहाणी मी तिच्या अ‍ॅपमध्ये घातली. तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. तोंडातून काहीच आपोआप येईना. मग एकेक अक्षर लावत ती निघाली. "ए... का... न... ग..." बाजूला पंगत उठली, दुसरी बसली. शब्द माझ्या ओठांवर होता, तो मी गिळला.

"एका नगरात," आत्या म्हणाली. तिने मान वर केली. "पुढं काय होतं गो?"

पोथी समोर घेऊन हा प्रश्न तिने आयुष्यात पहिल्यांदाच विचारला असेल.

"वाच की," मी म्हटलं.