सासऱ्यांच्या तंबाखूची ओल

अकरा वर्षं मी सासऱ्यांची चिलमीची तंबाखू सांभाळली, आणि मला त्या तंबाखूचा वाससुद्धा सहन होत नाही.

लग्न होऊन पाटोद्याजवळच्या वस्तीवर आले, तेव्हा सासूबाईंनी तिसऱ्याच दिवशी चिनी मातीची बरणी माझ्या हाती दिली. फुटक्या माठाचं खापर पाण्यात भिजवायचं, पुसायचं, फडक्यात गुंडाळून बरणीत ठेवायचं. आमच्याकडच्या उन्हात तंबाखू दोन दिवसांत कुरकुरीत होते. मग ती भसकन जळते आणि घसा सोलून काढते. पावसाळ्यात खापर काढून ठेवायचं, नाहीतर बुरशी. ओल बघायला चिमूटभर तंबाखू मुठीत दाबायची. मूठ उघडल्यावर ती हळूहळू सुटली तर बरोबर, गोळाच राहिला तर ओल जास्त.

मेंढरं बघायला आलेली माणसं चिलीम ओढून म्हणायची, "अण्णा, तुमच्यासारखी तंबाखू कुठं न्हाई."

"ठेवायची हातोटी लागती," सासरे म्हणायचे. मी तिथंच चहाचे कप ठेवत असायचे.

गेल्या वैशाखात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी पंधरा दिवस दिंद्रुडला गेले. जाताना धाकट्या दिरांना सांगितलं, "भावजी, दर तीन दिवसांनी खापर भिजवा. बाकी काही करू नका."

परत आले तेव्हा सासरे अंगणात दोन पाहुण्यांसोबत बसले होते. माझी पिशवी अजून हातातच होती. त्यांनी बरणी माझ्यापुढे सरकवली. तंबाखूवर पांढरी लव आली होती.

"काय करून ठिवलंस हे? म्हायेराला जायच्या घाईत घरातलं ध्यान न्हाई!"

दीर शेजारीच उभे होते. मोबाईलमधून मान वर केली नाही त्यांनी.

मी बरणीत हात घातला. आत बटाट्याच्या काळ्या पडलेल्या, बुळबुळीत चकत्या होत्या. एकेक काढून बाजेवर ठेवल्या. "मामा, हे मी टाकलेलं न्हाई. मी गेल्यावर कुणी टाकलं ते इचारा."

"ओल राहायला मोबाईलवर तसंच दाखवतेत, वहिनी," दीर पुटपुटले.

आणि सासरे चक्क हसले. "जाऊ दे. पोरगं हाय, चुकलं."

पोरगं! छत्तीस वर्षांचं! माझ्यावर नुसता संशय आला तर पाहुण्यांसमोर ओरडा, आणि त्याची चूक पकडली तर हसू.

"माझ्याकडून चुकलं असतं तर हसला असता का, मामा?"

मी तंबाखू उकिरड्यावर फेकली, बरणी गरम पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली आणि नव्या खापरासकट त्यांच्या उशाशी ठेवली. "आजपास्नं तुमची तंबाखू तुमी सांभाळा."

नवरा म्हणाला, "कावून एवढं मनावर घ्यायलीस? म्हातारा माणूस हाय." म्हाताऱ्या माणसानं सुनेला काहीही बोलावं, असं कुठं ठरलंय?

सासऱ्यांची पहिली तंबाखू वाळून भुगा झाली. दुसरीवर त्यांनी पाणीच शिंपडलं, ती नासली. मग एके दुपारी माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "खापर किती येळ भिजवायचं?"

मी सांगितलं. चूक झाली असं ते म्हणाले नाहीत, आजवर नाही.

परवा बरणीचं झाकण उघडं होतं. तंबाखू जरा जास्तच ओली दिसली. बोलावंसं वाटलं, पण नाही बोलले.