घोडीच्या पाठीवरची गोधडी

तेव्हा आम्ही नारायण पेठेत नदीच्या अंगाला राहत होतो. घरात हे, सासूबाई आणि मी. हे एका सरदारांच्या वाड्यावर कारकून होते. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव गरीब गाईचा. वाड्यावर कोणी मोठ्यानं बोललं तरी घरी येऊन यांना घास गिळवत नसे. माझा स्वभाव तसा नव्हता. तो यांना माहीत होता आणि वाड्याला माहीत नव्हता, एवढ्यावरच आमचं बरं चाललं होतं.

मला नाद एकच, जुन्या कापडांचा. मोहिमेवर गेलेल्या फौजा पावसाच्या आधी परत येत आणि त्यांच्यामागोमाग आठवड्याचा बाजार जुन्यापान्यानं भरून जाई. फाटके तंबू, डाग पडलेली पागोटी, जर काढून घेतलेले पैठण्यांचे पदर, कुठल्या कुठल्या मुलखातल्या शालींचे तुकडे. लोक पायानं ढकलून पुढे जात. मी तिथंच बसकण मारी. वर्षानुवर्षं नेसलेलं, धुतलेलं कापड सायीसारखं मऊ होतं, तसं नवं कापड कधीच नसतं. सासूबाई म्हणत, "कोणाच्या अंगावरचं, कोणाच्या घरातलं, आणि आणतेस कशाला?" त्यांची अट एवढीच होती की आधी सगळं अंगणात मोठ्या हंड्यात राखेच्या पाण्यात उकळायचं, मग रिठ्यानं धुवायचं आणि तोवर घरातल्या कशाला हात लावायचा नाही. मी मुकाट्यानं ऐकत असे, कारण गोधडी तयार झाली की पहिल्यांदा हात फिरवून बघायला त्याच येत.

त्या वर्षी ज्येष्ठात वाड्यावरच्या बाईसाहेबांनी मला बोलावणं पाठवलं. त्यांची लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी यायची होती. बाईसाहेबांनी माझ्या शिवणाबद्दल कोणाकडून तरी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, बाळंतिणीला जुन्या कापडाचीच हवी. नव्याची काचते. तुझ्यासारखी मऊ पुण्यात कोणाला जमत नाही म्हणतात."

आता कोणाला बरं वाटणार नाही? मी तरंगतच घरी आले. त्यांचे शब्द मी मुद्दाम सांगते आहे. जुन्या कापडाचीच हवी, असं त्या स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या होत्या.

सगळा पावसाळा मी ती गोधडी शिवली. पोटात मलमलीच्या पागोट्यांचे थर घातले. वरच्या बाजूला तंबूच्या आतलं छापील कापड होतं, त्यावर लालसर फुलं. चारी बाजूंना पैठणीच्या पदरांचे काठ लावले. जर नव्हती, पण रेशमातले मोर तसेच होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक धावदोरा घालायचा, मग वळायचं आणि परत यायचं. आषाढात गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून कापण्या तळायच्या, हात राखेनं धुवून परत सुई धरायची. श्रावणात अळूच्या वड्या वाफेला ठेवल्या की त्या शिजेपर्यंत एक ओळ होई. ऋषीपंचमीची भाजी निवडताना सासूबाई म्हणाल्या, "आण इकडे, ती भाजी मी बघते. तू तुझं शिव." त्यांच्या तोंडून हे ऐकून मला इतकं नवल वाटलं की सुईच बोटात गेली.

मार्गशीर्षात लेक मोकळी झाली. मुलगा झाला. मी डिंकाचे लाडू केले. डिंक तुपात फुलवला, खारीक कुटली, खोबरं भाजलं आणि मांजरी गावाहून आलेल्या गुळाचा पाक केला. लाडवांचा डबा आणि गोधडी घेऊन मी वाड्यावर गेले. बाईसाहेबांनी गोधडी उलगडून गालाला लावली. "लोण्याचा गोळाच गं," म्हणाल्या. मी घरी येऊन सासूबाईंना ते तीन वेळा सांगितलं.

बारशाला गेले तेव्हा गोधडी दिसली नाही. बाळंतिणीच्या अंगाखाली नवीकोरी, कडक, जरीच्या बुट्ट्यांची दुलई होती. मी विचारलं. बाईसाहेब म्हणाल्या, "जपून ठेवली आहे हो." मला खरंच वाटलं. इतक्या पाहुण्यांत चांगली वस्तू कशाला मळवायची, असा विचार करून मी उलट त्यांचं कौतुक केलं.

संक्रांत झाली. एका सकाळी मी नदीवर धुणं घेऊन गेले होते. थंडी चांगलीच होती. वाड्याचा मोतद्दार घोडीला पाण्यावर घेऊन आला होता. हा हडपसरचा माणूस, घोड्यांची निगा राखणारा, मला तोंडओळखीचा. घोडी म्हातारी, पांढुरकी, मान खाली घालून उभी. तिच्या पाठीवर माझी गोधडी होती.

आधी मला ओळखूच आली नाही. मोर दिसले, मग फुलं दिसली. एका बाजूला लीद लागली होती, काठ उसवून लोंबत होता, आणि पोटाखालून सुंभाची दोरी घालून ती आवळलेली होती. माझ्या कानांतून वाफा निघाल्या. धुणं तसंच टाकून मी चिखलातून त्याच्यापर्यंत गेले.

"ही कुठून आणलीस?"

"वाड्यावरनंच दिली की," तो म्हणाला. "बाईसाब म्हनल्या, जुन्यापान्याची हाय, चिंध्या हायेत, टाक घोडीवर."

"चिंध्या म्हणाल्या?"

"आवं, मी काय खोटं बोलतो? पर लई ऊबदार हाय बगा. ही म्हातारी हाय, थंडीत नुसती थरथरायची. ही घातल्यापास्नं गप उभी ऱ्हाती."

त्याच्यावर मला राग नव्हता. घोडीवर तर मुळीच नव्हता. तिला तेवढी तरी अक्कल होती. पण मी दोरी सोडली आणि गोधडी ओढून काढली. मोतद्दार घाबरला.

"मी वाड्यावर काय सांगू?"

"काही सांगू नकोस. मीच चालले आहे तिकडे."

त्यानं आपल्या खांद्यावरचं कांबळं काढून घोडीवर घातलं आणि तसाच कुडकुडत उभा राहिला. मी ते पाहिलं, आणि तरीही निघाले.

वाड्याच्या मागल्या चौकात बायका हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. बाईसाहेब पाटावर. मी लिदीच्या वासाची ती गोधडी त्यांच्यासमोर जमिनीवर पसरली. बायकांचे हात थांबले.

"हे काय गं?" बाईसाहेबांनी नाकाला पदर लावला.

"आपण जपून ठेवलेली गोधडी. घोडीनं जपली."

त्या क्षणभर गोंधळल्या. मग हसल्या. ते हसणं मला अजून ऐकू येतं. "अगं, एवढं काय त्यात? विहीणबाई आल्या होत्या. त्यांनी ते तंबूचं कापड ओळखलं. म्हणाल्या, आमच्या नातवाला शिपायांच्या उतरलेल्या कापडावर निजवता होय? मला मान खाली घालावी लागली. शेवटी चिंध्याच त्या."

"चिंध्या होत्या तर मागितल्यात कशाला? जुन्याचीच हवी, नव्याची काचते, हे कोण म्हणालं होतं? मी म्हणाले होते?"

"आवाज खाली ठेव. तुझा नवरा इथलं अन्न खातो."

"ते लिहून मिळवतात. आणि माझे लाडू आपल्याकडच्यांनी खाल्ले. ते मात्र कोणी घोडीला घातले नाहीत."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. बाईसाहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी दासीला आतून एक नवं लुगडं आणायला सांगितलं आणि ते माझ्यापुढे ठेवलं. "घे, आणि विसरून जा."

मी त्याला हात लावला नाही. तेवढ्यात आतल्या दाराशी त्यांची लेक बाळाला घेऊन येऊन उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "आई, मला ती आवडत होती. तिच्यावर हा निजायचा तरी."

बाईसाहेबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती माझ्याकडे वळली. "काकू, धुऊन द्याल का मला?"

पोरगी कोवळी होती, बाळ गोजिरं होतं. कोणीही विरघळलं असतं. मीही विरघळतच होते. पण मी विचारलं, "ताईसाहेब, आपल्याबरोबर सासरी नेणार का ती? सासूबाईंसमोर अंथरणार?"

ती बाळाचं टोपडं सारखं करत राहिली. मी गोधडी गुंडाळली आणि घरी आले. विहीणबाई बोलल्या तेव्हा हिनं एक शब्द काढला असता तर ती घोडीवर गेलीच नसती. लोक म्हणाले, मी तिच्याशी कठोर वागले. असेन. तिनं मागितली ती चौकात, सासर तिथं नसताना.

संध्याकाळी हे घरी आले ते पांढरेफटक. वाड्यात सगळं कळलं होतं. "तू माफी मागून ये," म्हणाले. "उद्या सकाळी. मी तुझ्याबरोबर येतो."

"कशाची माफी मागू? शब्द सांगा, मी पाठ करते."

हे विचार करत बसले. खरंच विचार करत होते, आणि त्यांना शब्द सापडेना. तेव्हा आजवर कधी मध्ये न पडलेल्या सासूबाई चुलीपाशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माझी सून जाणार नाही. ऋषीपंचमीची भाजी मी एकटीनं निवडली ती घोडीसाठी नव्हे." हे त्यांच्याकडे बघतच राहिले. मग पानावर बसले आणि बाजरीची भाकरी चांगली पोटभर जेवले.

माझ्याकडे तंबूचं जाड, बाहेरचं कापड उरलेलं होतं. गोधडीला ते चालत नव्हतं. मी त्याची एक झूल शिवली, आत फाटक्या घोंगडीचा थर घातला, पोटाखाली बांधायला रुंद पट्टे लावले आणि नदीवर नेऊन मोतद्दाराच्या हातात दिली. त्यानं ती घोडीवर घालून, चारी बाजूंनी फिरून पाहिली. "बेस हाय," म्हणाला. त्याचं कांबळं त्याच्या खांद्यावर परत गेलं, तेव्हा मला जरा बरं वाटलं. त्या सकाळी मी त्याला थंडीत उभं केलं होतं, ते मनातून जात नव्हतं.

बाईसाहेबांनी जे करायचं ते केलंच. महिन्याच्या आत यांना दफ्तरातून काढून पागेवर पाठवलं, दाणावैरण लिहायला. मोत्यासारखं अक्षर गवताच्या पेंढ्यांसाठी! मी रागानं दोन दिवस धड बोलले नाही. हे मात्र पहिल्या दिवशी घरी आले, पागोटं खुंटीला लावलं आणि म्हणाले, "तुझी आणि माझी किंमत वाड्यानं एकच केली. तुझी गोधडीही घोड्यांकडे, मीही घोड्यांकडे." सासूबाई हसून हसून खोकायला लागल्या. पुढे पागेवर यांचं छान जमलं. तिथं कोणी मोठ्यानं बोलत नसे, घोडे बिथरतात म्हणून.

गोधडी मी तीन पाण्यांतून धुतली, काठ परत शिवला. इतकी वर्षं शिवत होते, पण स्वतःच्या अंगावर घ्यायला एकही ठेवलेली नव्हती. ती मी ठेवली. दमट दिवसांत तिला घोडीचा वास येतो. मला त्याचं काही वाटत नाही.

पुढे एका उन्हाळ्यात वाड्यावरची दासी दारात आली. बाईसाहेबांची धाकटी लेक बाळंतपणाला यायची होती. दासी खाली मान घालून म्हणाली, "त्यांनी विचारलंय, एक मऊशी गोधडी मिळेल का? या खेपेला वरून नवं कापड लावा म्हणाल्या, आत जुनं असलं तरी चालेल. दिसायला नको."

दिसायला नको! मी हातातला चाटू खाली ठेवला.

"त्यांना सांग, आमच्याकडे आता फक्त घोड्यांचं शिवून मिळतं."

तिनं पदर तोंडाला लावला आणि पळाली. निरोप तसाच पोचला की तिनं वाटेत गोड करून सांगितला, मला कळलं नाही. मी विचारायलाही गेले नाही. कुरडयांचा चीक चुलीवर होता, आणि तो हलवायचं थांबलं की गाठी होतात.