गाळलेल्यांची वही

आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांइतका शॉक देणारा माणूस डहाणूपासून तलासरीपर्यंत सापडायचा नाही, विजेचे खांब धरूनसुद्धा नाही. पंगतीत जिलेब्या मोजून वाढणाऱ्याला ते अडवतात, "मोजू नकोस, मोजल्याने वस्तू बदलते." उधव्याची एसटी चुकली की स्टँडवर उभे राहून खूश! "वेळेवर घरी पोचलो तेवढेच दिवस बघ. त्यातल्या एकाही दिवशी एसटी चुकलेली नाही!"

हेच त्यांचं संशोधन. अणूहून बारीक कणांवर प्रयोग करायचे, शेवटी हवा तो निकाल देणारे तेवढे ठेवायचे, बाकीचे गाळायचे, आणि उरलेल्यांच्या बाबतीत मधे काय घडलं ते शोधायचं. मी त्यांचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि घोलवडला चिकूची पॅकिंग शेड टाकली. का सोडलं, हे त्यांना कधी सांगितलं नाही. ते मात्र दर रविवारी शेडमध्ये येऊन पेट्यांवर सिद्धांत मांडत. "दिल्लीला जे कडक पोचले तेवढेच चिकू धर. वाटेत त्यांचं काय झालं? पेटी कितीही बंद कर, ऊन, धक्के, शेजारचा पिकलेला चिकू, सगळ्यांचा परिणाम आत होतोच. जगापासून सुटी पेटी नसते!"

एकदा पेट्या भरणाऱ्या मावशींनी मान वर न करताच विचारलं, "नि वाटेत सडले त्यांना कोण विचारतो, सर? त्यांचा पण काय तरी झालाच असेल ना!"

सर अर्धा चहा तसाच टाकून निघून गेले.

महिन्याभराने त्यांचा निरोप समारंभ होता. पुढे मोठे झालेले विद्यार्थी भरभरून बोलले. सर उठले आणि खिशातून वही काढली. "आत्ता बोलले ते पोचलेले. किती गाळले ते सांगितल्याशिवाय हा निकाल खोटा आहे." जुन्या हजेरीपटांतून त्यांनी मधेच कॉलेज सोडलेल्यांची नावं उतरवली होती, अगदी वेवजीच्या पाड्यांपर्यंतची. व्यासपीठावरचे पाहुणे हादरले. त्यांनी वाचलेलं पहिलंच नाव माझं!

"अरे, आलायस ना? सांग, मधे काय झालं?"

मी उभा राहिलो. "सर, तुमचं शिकवलेलं मला कळत नव्हतं. विचारायची लाज वाटायची."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्या नावापुढे ते शब्द लिहून घेतले आणि खाली बसले. मला फार वाईट वाटलं.

आता ते रविवारी येतात ते पहिल्या धड्यापासून शिकवायला. प्रत्येक वाक्याला थांबून विचारतात, "कळलं?" बऱ्याचदा कळत नाही. मग मी हात वर करतो, शेडमध्ये आम्ही दोघेच असलो तरी.