एका वेळी एकच बल्ब

मीटरला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. जुन्या गाड्यांचे डॅशबोर्ड उघडायचे, अडकलेले काटे सोडवायचे, विझलेले दिवे बदलायचे, हे त्याचं काम. त्यावरून गल्लीने त्याला हे नाव चिकटवलं. त्यातून गडी बोलायला महाकंजूष. शेजारचा टायरवाला म्हणायचा, "दिवसभरात चार शब्दांच्या वर याचा काटा सरकत नाही."

पुढे गाळा आणि मागे राहायची खोली. पूर्वी थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांच्या मुली वरच्या मजल्यावर राहायच्या, तेव्हा मीटरला न बोलताही चालायचं. वहिनी एकटीच सगळ्यांच्या वाटचं बोलायची. मग भावाची बदली झाली, बिऱ्हाड हललं, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकी ठेवायला जागा घेतली. रविवारी भावाचा फोन येई. "काय रे, बरं आहे ना?" "बरं आहे." संपलं. फोन ठेवल्यावर मीटर बराच वेळ तिथेच उभा राही. लग्न राहूनच गेलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही आणि हा स्वतःहून बोलणाऱ्यातला नव्हता.

डॅशबोर्डचे दिवे बदलणं म्हणजे दिसायला चिल्लर काम. पण स्टिअरिंगमागची पट्टी उतरवा, स्क्रू सोडवा, हात आत घालून स्पीडोमीटरची केबल नुसत्या बोटांनी चाचपून काढा, तेव्हा कुठे अख्खं पॅनल पुढे येतं. त्याच्या पाठीला बोटाच्या पेराहून लहान बल्ब बसवलेले असतात. ते बदलायला मिनिट पुरतं, जीव जातो तो तिथवर पोहोचण्यात. म्हणून मीटरच्या उस्तादांनी त्याला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "पॅनल उघडलंस की सगळेच्या सगळे बदलायचे. एकाच वेळी बसवलेले बल्ब एकामागोमाग एक जातात. त्याच कामासाठी गिऱ्हाईक परत आलं तर आपली नाचक्की."

मीटरने हे आयुष्यभर पाळलं. फक्त एका गाडीच्या बाबतीत पाळलं नाही.

ती गाडी मोजणीदारांची. जमिनी मोजण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ बोगद्यापलीकडे, वस्तीच्या टोकाला एकटा राहायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी गावातच पण आपल्या संसारात. पहिल्यांदा ते गाडी घेऊन आले तेव्हा मीटरकडे खरोखरच एकच बल्ब शिल्लक होता. तो बदलेपर्यंत मोजणीदार स्टुलावर बसले आणि जे सुरू झाले! बांधाच्या वितभर जागेसाठी एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ, मोजणीची साखळी पळवणारी म्हातारी, भर मोजणीत पायात पाय घालून पडलेले साहेब. मीटर हसला. आपण हसतोय हे कळल्यावर जरा दचकलाही.

दिवे लागतात की नाही हे बघायला अंधार हवा, म्हणून शेवटी शटर ओढलं. दोघे गाडीत शेजारी शेजारी बसले. डॅशबोर्डवर हिरवट उजेड पसरला आणि मोजणीदारांनी गोष्ट पुढे चालू केली. शटर परत वर करायला मीटरने फार वेळ लावला.

पुढच्या खेपेला डब्यात बल्ब भरपूर होते. तरी त्याने एकच बदलला. मोजणीदार खूश. "एकच गेलाय तर एकच घालतो," असं जगाला सांगत सुटले. "असा प्रामाणिक माणूस शोधून सापडायचा नाही!" हे ऐकून मीटर मान खाली घालून हत्यारं पुसत बसे. पण दोन खेपांमधलं अंतर त्याला खायला उठायचं. म्हणून एकदा त्याने भंगारातल्या गाडीतला, काच काळवंडलेला बल्ब घातला. तो लवकर गेला. मोजणीदार लवकर आले. मग ती वहिवाटच पडली, आणि हळूहळू पॅनलमधले सगळेच बल्ब भंगारातले झाले.

आणि एके सकाळी गाडी दाराशी थांबली ती मुलीच्या हातात. मोजणीदार शेजारच्या सीटवर पाहुण्यासारखे अंग चोरून बसले होते.

"काका, दिवे तेवढे लावून द्या," मुलगी म्हणाली. "गाडी विकायची आहे. उद्या माणूस बघायला येतोय."

"का?"

"काल बोगद्यात सगळं पॅनल एकदम अंधारलं. बाबा घाबरले, मधोमध ब्रेक मारून थांबले. मागून ट्रक येत होता. नशीब म्हणून वाचले. सारखी ही गाडी तुमच्याच दारात असते, काका. गाडी थकली आणि बाबाही थकले."

मोजणीदार उतरून स्टुलावर बसले. आज एकही गोष्ट निघेना. एवढंच म्हणाले, "ती ऐकायची नाही. आता घरात बसायचं आणि भिंती मोजायच्या."

मीटरने गाडी गाळ्यात घेऊन पॅनल ओढून बाहेर काढलं. काळे पडलेले बल्ब एकेक करून तळहातावर आले. गप्प बसणं त्याला नवीन नव्हतं. गप्प बसलं तर कुणाला कधी कळणार नव्हतं, मोजणीदार त्याला शेवटपर्यंत भला माणूस म्हणत राहिले असते. पण गाडी जाणार होती आणि गाडीबरोबर त्या माणसाचं बाहेरचं सगळं जग. बोललं तर गाडी राहील, फक्त ती पुन्हा या दारात येणार नाही.

"ताई, गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "साहेबही. मीच जुने बल्ब घालत होतो. भंगारातले."

"म्हणजे?"

"लवकर जावेत म्हणून."

"अहो, पण का?"

मीटरने तळहातावरचे बल्ब खाली ठेवले. "साहेब यावेत म्हणून."

मुलीचा आवाज चढला. "ट्रकखाली गेले असते ते! कळतंय का तुम्हाला?"

"हो."

मोजणीदारांची मान खाली होती आणि त्यांच्याकडे बघायची मीटरची हिंमत होत नव्हती. त्याने नवीन पाकीट फोडलं, सगळेच्या सगळे बल्ब बदलले, केबल अडकवली, स्क्रू आवळले. दोघांना बाहेर बसवून त्याने शटर ओढलं आणि गाडीत एकटाच जाऊन बसला. पॅनल असं लखलखीत उजळलं की त्याला स्वतःचे हात दिसले. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून त्याला रडू फुटलं. ते आवरल्यावरच त्याने शटर वर केलं.

मुलीने चावी बापाच्या हातात ठेवली आणि स्वतः पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

मोजणीदार स्टिअरिंगवर बसले. काच खाली केली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मीटरला जास्त लागलं.

"अरे वेड्या, नुसतं या म्हणाला असतास तरी आलो असतो."

गाडी त्यांनी लगेच सुरू केली नाही. चावीवर हात ठेवून ते मीटरकडे बघत थांबले. मुलगीही थांबली. शेजारचा टायरवालासुद्धा हातातलं काम सोडून इकडे बघत होता. मीटरने ओठ उघडले. म्हणायचं ते अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं.

"आता काही वर्षं बल्बकडे बघावं लागणार नाही," तो म्हणाला.