टक् टक् टॉऽक

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. भुतांची पुस्तकं पानं दुमडून परत येतात, एवढाच मला त्यांचा आजवरचा त्रास. तरीही हे लिहितोय...

मारेगाव तालुक्यात आमची कपाशी-तुरीची शेती. ती माझा मोठा भाऊ, दादा, बघतो. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन त्याच्या जिभेला जखम झाली, ती कॅन्सर निघाली. नागपूरला अर्धी जीभ काढली, मनगटाचं मांस घेऊन जागा भरली, मग रेडिएशनचे शेक झाले. पाणीही गिळता येत नव्हतं तेव्हा एक पुढारी सफरचंदांची टोपली देऊन गेले — फोटोसकट.

दादा घरी आला. पण 'र' आणि 'न' बोलताना अडायचे. वहिनी म्हणाली, "बरं झालं! आता खर्रा मागतला तरी पानठेल्यावाल्याले समजनार नाई." दादा तोंडावर हात धरून हसला.

त्याला आतून खात होतं ते वेगळंच. चांद्या आणि मंगळ्या, त्याचे बैल, फक्त त्याच्या जिभेच्या आवाजावर चालायचे. जीभ टाळूला लावून दोन हलके, तिसरा लांब — टक् टक् टॉऽक. हा आवाज त्यानं आमच्या आईकडून उचललेला. ती स्वतः बैलांमागे डवरा, म्हणजे कोळपं, धरायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. दादा रोज सकाळी गोठ्यात प्रयत्न करायचा. नुसती हवा निघायची. शेवटी त्यानं मला हातानंच सांगितलं — विकून टाक.

भर दुपारी गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. मी कासरे त्याच्या हातात दिले. दादा बाजेवर पेज पीत होता, मान खाली. बैल फाटकापर्यंत गेले आणि...

टक् टक् टॉऽक.

दोन्ही बैल गर्रकन वळले, त्या माणसाला ओढत थेट बाजेपाशी येऊन थांबले.

"कोनं केलं बे?" तो ओरडला.

दादानं तोंड उघडून दाखवलं. पेजेनं भरलेलं.

"पाल चुकचुकली असेल," मी म्हणालो.

"पालीचं बैल ऐकतेत काय भाऊजी? घरात तुमचं कोनी ऐकत नाई!" वहिनी म्हणाली.

"मले नाई पायजे अशी जोडी," म्हणत गिऱ्हाईक गेलं.

मी मोबाइलवर पालीचा आवाज लावून पाहिला. बैल रवंथ करत राहिले. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, या जिभेनं तो आवाज निघणं कठीणच.

दादा पुन्हा डवरा धरतो. तोंड मिटून मागून चालतो. शेताच्या टोकाला तास संपलं की बैल आपसूक वळतात. त्याचं वजन वाढलंय, वहिनी त्याच्याशी पुन्हा भांडायला लागलीये. कधीकधी धुऱ्याच्या बांधावर बसल्या बसल्या तो आवाज मलाही येतो. परवा मी ओरडून विचारलं, "दादा, तूच करून राह्यला का?"

"आई," तो म्हणाला.

'नाई'तला 'न' अजून त्याला जमत नाही. तेच म्हणायचं होतं ना, हे मी पुन्हा विचारलं नाही.