विटेचा शेक

बायकोची गर्भपिशवी काढली. पोटाची जखम भरली, पण उजवी मांडी तिची राहिली नाही. पुढून बधिर, चिमटा काढला तरी कळायचं नाही. चालताना गुडघा अचानक दुमडायचा. घणसोली गावातली आमची खोली दुसऱ्या माळ्यावर, आणि जिना शिडीसारखा.

डॉक्टरांनी मला समजावलं होतं. ऑपरेशनमध्ये पोट उघडं धरणाऱ्या अवजाराखाली मांडीची नस दबली, काही महिने जातील, बहुतेकांची सुधारते, व्यायाम सोडू नका. आणि शेक अजिबात नको, चटका बसला तरी तिला समजणार नाही. ती तेव्हा बाहेर बाकावर होती. ऐकणारा मी एकटाच.

आमच्या साताऱ्याकडे बाळंतिणीला विटेचा शेक देतात. वीट तापवायची, जुन्या लुगड्यात गुंडाळायची. थोरली बहीण फोनवर सारखी विचारायची, शेक दिलास का? डॉक्टर नको म्हणालेत, एवढं सांगायला मला काय झालं होतं? मला वाटलं, पिढ्यान् पिढ्या देतात, कुणाचं काय बिघडलं?

मी मांडीवर वीट ठेवली. "गरम लागतंय का?"

"नाही हो. ठेवा अजून."

मी लुगड्याची एक घडी कमी केली.

फोड आले, ते चिघळले. तिला साखर होती, जखम भरेना. व्यायाम सुटला, मांडी वाळत गेली. नस सुधारली असती का, हे आता कुणी सांगणार नाही.

मुलगी ऐरोलीहून धावत आली. तिला मी म्हणालो, हिनेच माझ्या माघारी वीट ठेवून घेतली. मुलगी आईला नाही नाही ते बोलली. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "चुकलं गं बाई माझं."

त्यानंतर जिना ती एकदाच उतरली, खुर्चीत बसवून शेजाऱ्यांनी उतरवली तेव्हा. दवाखान्यातून परत आली नाही.

वर्षश्राद्धाला मुलगी पाहुण्यांना सांगत होती, आमची आई फार हट्टी. पाहुणे गेल्यावर ती भांडी घासायला बसली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले. "पप्पा, डॉक्टर नको म्हणाले होते, हे आईला कधी सांगितलं होतंत का तुमी?"

"नाही."

तिने उरलेली भांडी घासली, पालथी घातली आणि गेली. अजून रोज फोन करते. जेवलात का, गोळी घेतली का, विचारते. आईचा विषय मात्र माझ्याजवळ काढत नाही. मी काढला, तर फोन ठेवते.