नानांचं भरीत आणि जळगावचं सेन्त्रो

समस्त जळगावकरांना कळविण्यास अत्यंत दुःख होतं की, आमचं घर शहरात नाही, ही बातमी आता स्पेनपर्यंत पोचली आहे.

आमच्या चिनूची मोबाइलवर स्पॅनिशची तोंडी परीक्षा होती. पास झाली की पुण्यातली नोकरी पक्की. विषय, 'माझी वस्ती'. आदल्या दिवशी ती घोकत होती, "आफुएरास... देस्कांपादो..."

"म्हणजे काय गं?"

"आफुएरास म्हणजे शहराच्या टोकाची वस्ती. देस्कांपादो म्हणजे ओसाड मोकळी जागा. पप्पा, आपलीच कॉलनी की!"

मी ताडकन उठलो. (प्लॉट घेतल्यापासून मी नातेवाइकांना 'स्टेशनपासून पाच मिनिटं' सांगत आलोय. हेलिकॉप्टरने!)

"परदेशात घराण्याची अब्रू घालवतेस? शहराच्या मध्यभागाला काय म्हणतात?"

"सेन्त्रो."

"मग सेन्त्रोच सांगायचं!"

बिचारीने सांगितलं. दाराआड माझी छाती फुगली. मोबाइलवर परीक्षा घेणाऱ्या स्पेनच्या मॅडमही खूश झाल्या. इतक्या खूश, की म्हणाल्या, बाहेर जा, मला दाखव आणि वर्णन कर!

बाहेर शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर धुळ्याहून आलेले आमचे नाना कपाशीच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजत होते. धुराचे लोट! मागे कापसाचं शेत. पुढे पाण्याचा टँकर. टँकरच्या सावलीत म्हैस. (म्हैस आमची नाही, एवढी तरी नोंद घ्यावी.) मोबाइलमध्ये बाई दिसताच नानांनी हात हलवला, "ये वं माय, वांगा भाजाई ग्यात, भरीत खाई जाय!"

मॅडम गंभीर झाल्या. चिनू रडवेल्या आवाजात कुजबुजली, "पप्पा, त्यांना वाटतंय, मला 'सेन्त्रो'चा अर्थच येत नाही. मार्क कापतायत!"

नोकरी चालली! मी बनियनवरच कॅमेऱ्यासमोर उडी घेतली. "नो सेन्त्रो, मॅडम! आफुएरास! एकदम आफुएरास!" शेताकडे हात, "देस्कांपादो!" म्हशीकडे हात... म्हशीचा शब्द मला येत नव्हता, म्हणून तिच्याकडेही "देस्कांपादो!"

मॅडम हसून हसून खुर्चीवरून दिसेनाशा झाल्या. मग त्यांनी चिनूला पुन्हा संधी दिली. टँकरपासून वांग्यांपर्यंत पोरीने धडाधड सगळं सांगितलं आणि पास झाली!

एवढ्यात भरताच्या मिरच्या घेऊन आलेली बायको अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घर बांधल्यापासून पहिल्यांदा खरा पत्ता सांगितला यांनी, अन् तोही स्पॅनिशमध्ये!"